कार्बोरेटर बदलला, टायमिंगचं काय?

जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. रंगकाम, सीटकव्हर झालं की नजर बॉनेटखाली जाते. मूळचा छोटा कार्बोरेटर काढून दोन घशांचा मोठा वेबर बसवला की गाडी उचलणार, असा साधा हिशेब असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटंच घडतं. गाडी आयडलिंगला धापा टाकते, पिकअप घेताना गचके देते आणि सोलापूरहून तुळजापूरकडे येताना बालाघाटाचा चढ लागला की इंजिनातून टणटण असा आवाज येऊ लागतो. खापर नव्या कार्बोरेटरवर फुटतं. पण किती पेट्रोल-हवा आत घ्यायची एवढंच कार्बोरेटर ठरवतो. ते मिश्रण पेटवायचं कधी, हे ठरतं इग्निशनच्या टायमिंगवर, आणि ते कुणी हलवलेलंच नसतं.

स्फोट नव्हे, ज्वलन

सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. ठिणगी पडली की सिलिंडरमध्ये स्फोट होतो, असं आपण सहज बोलून जातो. पण नीट चालणाऱ्या इंजिनात स्फोट होत नाही. प्लगपाशी ज्योत पेटते आणि मिश्रण जाळत पसरत जाते. याला वेळ लागतो. तो ढोबळमानाने दोन मिलिसेकंद धरू.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 50 फेरे झाले, म्हणजे 18,000 अंश. दोन मिलिसेकंदांत क्रँक 36 अंश फिरून जातो! सिलिंडरमधला दाब पिस्टन माथ्यावरून साधारण 15 अंश खाली उतरल्यावर शिगेला पोचला, तर ताकद सर्वांत जास्त मिळते. म्हणून पिस्टन वर चढत असतानाच ठिणगी टाकावी लागते. वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याला फटाके बनवणारा कारागीर वातीची लांबी बेतून ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका बसतो. शिवाय ज्योत पोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं. चढावर ऐकू येणारं नॉकिंग ते हेच. असंच चालवत राहिलं, तर पिस्टनला भोकही पडू शकतं. ठिणगी उशिरा पडली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत मिश्रण जळतच राहतं. मग ताकद जाते, इंजिन तापतं आणि पेट्रोल सायलेन्सरवाटे वाया जातं.

मोठ्या कार्बोरेटरने काय बदलतं?

जुन्या गाडीत ही वेळ डिस्ट्रिब्युटर सांभाळतो. वेग वाढला की त्यातली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आधी पडते. पेडल हलकं असताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं. तेव्हा व्हॅक्यूमची नळी ठिणगी आणखी आधी ओढते.

हा सगळा मेळ मूळ कार्बोरेटरशी आणि त्या काळच्या कमी ऑक्टेनच्या पेट्रोलशी जुळवलेला होता. मोठ्या घशातून कमी वेगाला हवा संथ जाते, पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत आणि ज्वलन रेंगाळतं. म्हणून सुरुवातीचा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी जितके अंश आधी पडते ते अंतर, थोडा वाढवावा लागतो. जास्त वेगाला चित्र पालटतं. सिलिंडर पूर्वीपेक्षा चांगला भरतो, दाट मिश्रण झपाट्याने जळतं आणि नॉकिंगचा धोका वाढतो. म्हणून एकूण ॲडव्हान्सला लगाम हवा. समजा ही मर्यादा 32 अंशांची ठेवायची आहे. सुरुवात 6 वरून 12 अंशांवर नेली, तर वजनांकडून 26 ऐवजी 20 अंशच यायला हवेत. नुसता डिस्ट्रिब्युटर फिरवून हे जमत नाही, आतल्या स्प्रिंग आणि अटकाव बदलावे लागतात. त्यात वेबरच्या डीसीओई जातीच्या कार्बोरेटरला बहुधा व्हॅक्यूमची नळी जोडायची सोयच नसते. ती नळी तशीच लोंबकळत राहिली, की सपाट रस्त्यावरचं ॲव्हरेज घसरतं.

गॅरेजमध्ये

जाणता मिस्त्री आधी टॅपेट, प्लग आणि पॉइंटची गॅप बघतो. कारण पॉइंटची गॅप वाढली की पॉइंट आधी उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. मग पुलीवरची खूण जुळवून 12 व्होल्टचा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडायचा. स्विच चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. ज्या क्षणी पॉइंट उघडतो, त्या क्षणी बल्ब लागतो. ठिणगीची वेळ तीच. रोटरच्या उलट दिशेला फिरवलं की ठिणगी आधी पडते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने तो एक अंश हलवला, तर टायमिंग दोन अंशांनी बदलतं. चालू इंजिनावरचा ॲडव्हान्स बघायला मात्र टायमिंग लाइटच हवा. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा तो या सगळ्यानंतर.

हवा, ऊन आणि ऊस

धाराशिव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो. त्यामुळे मुंबईत बसवलेले कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं, इथे थोडं जास्त पेट्रोल देतात, नॉकिंगही किंचित कमी होतं. मे महिन्यातल्या चाळीस अंशांवरच्या दुपारी मात्र आत जाणारी हवाच तापलेली असते आणि ही सवलत संपते.

तिसरी गोष्ट पेट्रोलमधल्या इथेनॉलची. उसापासून ते बनतं हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के इथेनॉलच्या इंधनाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे जेट तेच ठेवलं, तर मिश्रण पातळ पडतं आणि सावकाश जळतं. जमेची बाजू अशी, की इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो आणि नॉकिंग लांबतं. नव्या गाड्यांत हा हिशेब सेन्सर आणि संगणक क्षणोक्षणी करतात. पद्मिनीत तो माणसालाच करावा लागतो: आधी जेट, मग टायमिंग.

शेवटची परीक्षा रस्त्यावर, आणि ती भर दुपारी, इंजिन पुरतं तापल्यावर. टॉप गिअरमध्ये कमी वेगावरून चढाला पेडल दाबा. टणटण ऐकू आली, तर दोन अंश मागे या. खरं तर ही परीक्षा मोठा कार्बोरेटर विकत घेण्याआधीच करून बघावी. डिस्ट्रिब्युटरच्या ढिल्या स्प्रिंग आणि फाटलेला व्हॅक्यूमचा पडदा बदलून टायमिंग बिनचूक लावलं, तर हरवलेला पिकअप मूळ कार्बोरेटरवरच परत मिळण्याची शक्यता बरीच असते.