दादा कोंडके : नाडीवाल्या चड्डीतला बंडखोर

गुडघ्यापर्यंत ढगळ चड्डी, पुढे लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर शेंबड्या पोराचा भाबडेपणा. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांनी या अवतारात मराठी सभ्यतेला थेट आव्हान दिलं.

मुंबईच्या गिरणगावातल्या नायगावात 1932 मध्ये जन्मलेले दादा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना घराघरांत नेलं. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’तून ते पडद्यावर आले आणि 1971 मध्ये त्यांनी स्वतः निर्माण केलेला ‘सोंगाड्या’ झळकला. या चित्रपटाला दादरचं कोहिनूर थिएटर मिळेना, तेव्हा शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे मदतीला धावले.

दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘पांडू हवालदार’ (1975). अशोक सराफांना खरी ओळख दिली ती यानेच.

‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘आली अंगावर’ ही चित्रपटांची नावं वाचूनच पांढरपेशे नाकं मुरडत. सेन्सॉरशी खटके तर नेहमीचेच. पण दादांचा द्व्यर्थ तमाशातल्या बतावणीतून आलेला आहे. वाक्याचा साळसूद अर्थ ते स्वतःकडे ठेवतात, दुसरा प्रेक्षकाच्या पदरात टाकतात. त्याला निव्वळ चावटपणा म्हणणं हा अन्यायच!

सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवामुळे त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. दादा 14 मार्च 1998 रोजी गेले. नव्याने बघणाऱ्यांनी ‘सोंगाड्या’पासूनच सुरुवात करावी. त्यातली निळू फुले आणि दादांची जुगलबंदी आजही ताजी आहे.