घरच्या टाकीसाठी शांत सिक्लिड: कोणता विकायचा, कोणता नाही

फिश टँकच्या व्हिडिओत टाकी, फिल्टर आणि लाइट यांचा हिशेब मांडला होता. मासे कुठले टाकायचे हा विषय राहिला होता. खरं तर धंदा टिकतो की बुडतो ते तिथेच ठरतं.

समजा, तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याने तुमच्याकडून दोन फुटी टाकी घेतली. "रंगीत आणि जरा वेगळे मासे दे" म्हणाला. तुम्ही सिक्लिड म्हणून कॉन्व्हिक्टची जोडी दिली. महिनाभरात फोन येतो, "अरे, तुझे मासे भांडतत रे! बाकीचे सगळे मेले." त्या माणसाच्या ओळखीत अजून दहा होमस्टे आहेत, हे विसरू नका.

सिक्लिड हे मोठं कुळ आहे. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, कॉन्व्हिक्ट त्यातलेच, आणि एंजलसुद्धा त्यातलाच. गोव्याकडे ज्याला काळुंदर म्हणतात, तो खाडीतला मासाही याच कुळातला. आपल्याला हवेत ते ड्वार्फ सिक्लिड, साधारण दोन ते चार इंचांचे. ऐट मोठ्या सिक्लिडची, पण जागा थोडी लागते. एक लक्षात ठेवा, 'शांत' म्हणजे गाय नव्हे. अंडी घातली की यातला प्रत्येक मासा आपला कोपरा राखतो.

आता आपल्या पाण्याबद्दल, कारण इथे सिंधुदुर्गवाल्यांना आयता फायदा आहे. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच ड्वार्फ सिक्लिडना तसंच पाणी लागतं. कडक पाण्याच्या गावात दुकानदाराला आरओचं पाणी मिसळावं लागतं, तो खर्च तुमचा वाचतो. पण दोन अडचणी आहेत. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, म्हणून टीडीएस मीटर जवळ ठेवा आणि ग्राहकाच्या घरचं पाणी स्वतः मोजा. दुसरी म्हणजे मऊ पाण्याचा पीएच टाकीत हळूहळू घसरतो. तो ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू मंदावतात. त्यामुळे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, हे विकतानाच सांगा. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढूनच वापरायचं.

दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो जर्मन ब्लू रॅम. नावात जर्मन असलं तरी मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला. त्याला २७ ते ३० अंश तापमान लागतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातला बराच काळ हीटरशिवाय भागतं. दोन फूट बाय एक बाय एकच्या टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं, तिथे एकच जोडी. मात्र नव्या टाकीत रॅम टाकू नका. टाकी चार ते सहा आठवडे चालून मुरली पाहिजे. आयुष्य दोन-तीन वर्षांचं, हेही लपवू नका. नवशिक्या ग्राहकाला मी बोलिव्हियन रॅमच सुचवतो. रंग कमी, पण अंगाने चिवट.

क्रिबेन्सिस पश्चिम आफ्रिकेतला. तोही चिवट, पण पिल्लं झाली की तळाच्या माशांना हाकलतो, म्हणून तीन फुटी टाकी आणि एखादी फुटकी कुंडी आडोशाला हवी. कॅकाटुऑइडीस हा अपिस्टोग्रामा दिसायला देखणा. एक नर आणि दोन-तीन माद्या द्या, दोन नर कधीच नाहीत. अपिस्टोची पैदास करायची असेल तर हे वाचाच: रोमर आणि बायझेनहेर्त्झ यांनी १९९६ मध्ये दाखवलं की पाणी जास्त गरम असेल तर पिल्लांत नर वाढतात. मे महिन्यात पैदास केलीत तर नरांचाच ढीग घेऊन बसाल! थंडीचे दिवस बरे.

आणि आपला देशी ऑरेंज क्रोमाइड? दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, तीन इंची, सोनेरी. पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट थर खातात, बघायला मजा येते. त्याला थोडं मचूळ पाणी मानवतं. म्हणजे किनाऱ्यालगतच्या ज्या घरात रॅम चालणार नाही, तिथे हा चालू शकतो. मात्र निऑन-कार्डिनलसोबत नको.

रॅमचे सोबती म्हणून कार्डिनल टेट्रा, रासबोरा, स्टर्बाय कोरिडोरास चांगले. टायगर बार्ब नाही म्हणजे नाही.

खरेदीत नवशिके फसतात ते भडक रंगाला. रंग खुलवायला काही ठिकाणी हार्मोन देतात, असे मासे पुढे फिके पडतात आणि लवकर दगावतात. समजा दहा रॅम १०० रुपयांनी आणले आणि दोन आठवडे वेगळे ठेवले. त्यात तीन मेले. आता तुमची खरेदी १०० ची नाही, १४३ ची. भाव त्यावर लावा. वेगळं न ठेवता थेट विकले, तर ते तीन ग्राहकाच्या टाकीत मरतील, आणि सोबत त्याचे बाकीचेही.

एक आगाऊ सूचना: समुद्रातले रंगीत मासे धरून विकायचं डोक्यात आणू नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, नसती भानगड ओढवून घ्याल.

शिकायचं असेल तर कुडाळजवळ मुळद्याला कोकण कृषी विद्यापीठाचा शोभिवंत माशांचा प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरगुती युनिटचा खर्च ३ लाख धरला होता. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. आत्ता काय चालू आहे ते मालवणच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

आणि हो, होमस्टेवाल्याला दिवाळीच्या सीझनला टाकी सजलेली हवी असेल, तर गणपती उरकल्या-उरकल्या पाणी भरून फिल्टर चालू करा. लाइट जायच्या दिवसांसाठी बॅटरीवरचा एअर पंप बिलातच धरा.