कमानीच्या खिडकीला पडदा: माप चुकले की कापड आपल्या अंगावर

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात आखाती देशांतील कमाईवर उभी राहिलेली घरे पाहिली तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. साध्या चौकोनी खिडकीवर घरमालकाचे समाधान होत नाही. दर्शनी भागाला कमान, जिन्यात गोल झरोका, माळ्यावर उतरत्या छपराखाली तिरपी काच. कमानीची आवड इथे नवी नाही म्हणा. मुरूडचा नवाबांचा राजवाडा आणि राजपुरीजवळचे खोकरीचे दगडी मकबरे पाहतच इथले गवंडी मोठे झाले. पण गवंडी कमान बांधून मोकळा होतो आणि पडद्यासाठी घरमालक पनवेल-मुंबईची वाट धरतो. हे काम आपल्या शिलाई कारागिरांच्या हातून का जावे?

खरी अडचण मापाची. आम्ही स्वतः यात ठेच खाल्ली आहे. एका खिडकीची रुंदी आणि मधली उंची तेवढी टिपली, वरचा भाग अर्धवर्तुळ धरला आणि कापड कापले. बसवायला गेलो तर कमानीचा डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली! जांभ्याच्या भिंतीवर गिलावा चढला की दोन्ही बाजू सारख्या राहतीलच असे नाही. नुकसान आम्हीच सोसले. तेव्हापासून वर्तमानपत्राची पाने जोडून खिडकीवर लावतो, कडेने पेन्सिल फिरवतो आणि ‘आतली बाजू’, ‘डावी’ असे लिहूनच कागद उतरवतो. गिऱ्हाइकाची सहीही त्याच कागदावर घेतो.

प्रत्येक कमान झाकलीच पाहिजे असे नाही. वर रंगीत काच असेल तर ती उघडी ठेवावी आणि कमान जिथून वळते तिथे आडवी दांडी लावावी. रस्त्यावरून आत दिसत नाही, उजेड राहतो, खर्चही वाचतो. मात्र आपल्या किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेला. त्या बाजूच्या खिडकीतून दुपारनंतर ऊन थेट आत येते, तिथे कमानही झाकावी लागते. त्यासाठी पंख्यासारख्या चुण्या घालतात. खिडकी ४ फूट रुंद असेल तर अर्धवर्तुळाची कड सुमारे सव्वासहा फूट भरते; चुण्यांसाठी दीडपट धरून साडेनऊ फूट लांब पट्टी घ्यावी. पट्टीची रुंदी २ फूट आणि दुमडीला ४ इंच. सगळ्या चुण्या खाली मध्यभागी एकत्र येतात, म्हणून कापड पातळच हवे. जाड कापडाचा तिथे गोळा होतो.

गोल झरोक्याला पडद्याचा अट्टाहास करू नये. काचेवर धुरकट फिल्म लावली की काम भागते. तिरप्या खिडकीत कड्या उताराकडे घसरतात, तेव्हा तिथे कापड वर-खाली दोन्हीकडे पक्के करावे.

खाऱ्या हवेत लोखंडी दांडी गंजते आणि गंजाचे डाग कापडावरून जात नाहीत. लाकूड, पितळ किंवा ३१६ नंबरचे स्टेनलेस स्टील वापरावे. ३०४ थोडे स्वस्त पडते, पण समुद्राकाठी लवकर डागाळते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. अशा वाऱ्यापुढे पडदा काय करणार? तिथे बाहेरून लाकडी झडपाच हव्यात, आणि हे काम सुतार बांधवांचे. बिजागऱ्या कमानीच्या खालच्या सरळ भागातच बसवाव्यात. वळणावर बसवल्या तर झडप उघडतच नाही.

दर फुटावर न सांगता खिडकीवर सांगावा. कमानीचा एक पडदा साध्या दोन-तीन पडद्यांचा वेळ खातो, म्हणून ईदच्या ऑर्डरी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घेऊ नयेत. कागदी साच्यावर घराचे नाव लिहून तो गुंडाळून ठेवावा. काही वर्षांनी तेच गिऱ्हाईक नवे पडदे मागायला आले तर पुन्हा शिडी लावावी लागत नाही.