वर्गासाठी स्पीकरची निवड : मोजमाप आणि कान

कविता, संवाद व गोष्टी वर्गास ऐकविण्यासाठी अनेक शाळांतून मोबाईलचा उपयोग होतो. परंतु मोबाईलचा आवाज पहिल्या एकदोन ओळींपलीकडे स्पष्ट पोचत नाही, आणि मग स्पीकर घेण्याचा प्रश्न उभा राहतो. शाळेच्या हाती रक्कम बेताची असते, आणि दुकानात जो स्पीकर अधिक दणदणीत वाजतो तोच उत्तम असे वाटू लागते. वस्तुतः दणदणाट निराळा व स्पष्टता निराळी. शेवटच्या ओळीतील मुलास ‘साल’ आणि ‘शाल’ यांतील भेद ऐकू आला नाही, तर चूक मुलाच्या पाटीवर दिसते. तिचे मूळ मात्र स्पीकरात असते. म्हणून स्पीकरची पारख शिक्षकांनी स्वतः करणे अगत्याचे आहे.

दोन प्रकार

कमी किमतीत मुख्यतः दोन प्रकारचे स्पीकर मिळतात. पहिला बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढी पेटी. यास अ‍ॅम्प्लिफायर निराळा जोडावा लागतो. दुसरा टेबलावर ठेवावयाचा, ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसविलेला असतो. दोहोंचे तत्त्व सामान्यतः एकच असते. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे मागेपुढे हलते व त्यास जोडलेला शंकू हवेत कंप उत्पन्न करतो. या पद्धतीचा आजचा स्पीकर चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली अमेरिकेत पुढे आणला.

दुसऱ्या प्रकारात तारा थोड्या व जोडणी सोपी असते. परंतु आतील अ‍ॅम्प्लिफायर बिघडल्यास स्पीकर दुरुस्त होईपर्यंत बंद पडतो. पहिल्या प्रकारात बिघडलेला भाग तेवढा बदलता येतो. शिवाय टेबलावरचे पुष्कळसे स्पीकर हाताच्या अंतरावर बसलेल्या एका माणसासाठी घडविलेले असतात, वर्गासाठी नव्हे.

मोजमाप काय सांगते?

तरुण, निरोगी कानास सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. पुरुषाच्या बोलण्यातील मूळ स्वर साधारणपणे १०० ते १५० हर्ट्झचा, तर स्त्रीचा २०० हर्ट्झच्या आसपास असतो. परंतु शब्द ओळखू येतात ते बरेचसे व्यंजनांमुळे, आणि त्यांचे स्थान पुष्कळ वर आहे. ‘श’चा जोर सुमारे ३,००० हर्ट्झपासून, तर ‘स’चा मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वर आढळतो. ज्या स्पीकरचे वरचे स्वर दुबळे असतात, त्यावर ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. म्हणून सर्व स्वर सारख्या जोराने देणारा, म्हणजे ज्याचा आलेख शक्य तितका सपाट आहे, असा स्पीकर चांगला. खोक्यावर नुसते ‘६० ते २०,००० हर्ट्झ’ छापलेले असले व त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे दिलेले नसले, तर त्या आकड्यांस फारसा अर्थ नाही.

वॅटच्या आकड्यानेही भुलू नये. समजा, एखादा स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ८५ डेसिबल आवाज देतो. शक्ती दहापट, म्हणजे १० वॅट केली, तर आवाज ९५ डेसिबल होतो. दुप्पट केली, तर केवळ ३ डेसिबल वाढतो. यास्तव २० व ४० वॅटच्या स्पीकरांत वाटते तेवढे अंतर नसते. ‘पी.एम.पी.ओ.’ म्हणून छापलेले मोठे आकडे सोडून द्यावेत व ‘आर.एम.एस.’ वॅट पाहावेत.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. १ मीटरवरील ८५ डेसिबल २ मीटरवर ७९, ४ मीटरवर ७३ व ८ मीटरवर ६७ उरतात. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे घट कमी होते, पण तोच परतलेला आवाज शब्द पुसट करतो. मुलांस शब्द नीट कळण्यासाठी आवाज भोवतालच्या गोंगाटाहून सुमारे १५ डेसिबलने वरचढ असावा. पत्र्यावर पाऊस कोसळत असता हे साधत नाही. अशा वेळी श्रवणाचा पाठ पुढे ढकलणेच श्रेयस्कर.

कानांनी पारख

आलेखावरून स्पीकर कळतो, पण आपल्या वर्गात तो कसा वाजेल हे पूर्णपणे कळत नाही. त्यासाठी ऐकलेच पाहिजे. मात्र कानास डोळे फसवितात. फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात तेच स्पीकर श्रोत्यांनी एकदा पडद्याआडून व एकदा समोर पाहून ऐकले. दृष्टीस पडताच मोठ्या व महागड्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घटले. तसेच किंचित मोठा आवाजही चांगला आवाज म्हणून खपून जातो.

यावरून दोन नियम निघतात. दोन्ही स्पीकर पातळ कापडाआड ठेवावेत, आणि दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा. त्यासाठी मोबाईलवरील आवाजमापक पुरेसा आहे. त्याचा आकडा अचूक नसला, तरी तोच मोबाईल त्याच जागी ठेवल्यास तुलना बरोबर होते.

ऐकविण्यास गाण्यापेक्षा ओळखीचा आवाज अधिक उपयोगी. वर्गशिक्षकांनी एखादा उतारा वाचून मोबाईलमध्ये ध्वनिमुद्रित करावा आणि तो त्यांच्या प्रत्यक्ष वाचनाशी ताडून पाहावा. त्यानंतर श्रुतलेखन घ्यावे. ‘साल-शाल’, ‘पाट-पाठ’, ‘ताट-थाट’ अशा शब्दांच्या सारख्या अवघडपणाच्या दोन याद्या ध्वनिमुद्रित कराव्यात. पहिल्या दिवशी एक यादी एका स्पीकरवर व दुसरी दुसऱ्यावर ऐकवावी. काही दिवसांनी याद्यांची अदलाबदल करावी. शेवटच्या दोन ओळींतील मुलांचे बरोबर शब्द निराळे मोजावेत.

स्पीकर ठेवण्याची जागा

कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर घुमतो व खालचे स्वर शब्दांवर दाटतात. जमिनीवर किंवा टेबलामागे ठेवल्यास वरचे स्वर अडतात, कारण ते समोरच्या दिशेनेच अधिक जातात. म्हणून स्पीकर भिंतीपासून थोडा दूर, बसलेल्या मुलांच्या डोक्यांहून किंचित उंच, शेवटच्या ओळीकडे रोखून ठेवावा. पुष्कळदा नवीन खर्चावाचून एवढ्यानेच जुना स्पीकर सुधारतो. तेव्हा खरेदीपूर्वी हा उपाय अवश्य करून पाहावा. त्यानंतरही खरेदी करणे भाग पडलेच, तर दुकानदाराशी परत घेण्याची बोली करून दोन स्पीकर शाळेत आणावेत, वरील चाचणी घ्यावी, आणि मागच्या ओळीतील मुलांचे श्रुतलेखन ज्यावर अधिक शुद्ध आले तो ठेवून घ्यावा.