बिनहार्डडिस्कच्या संगणकांची अभ्यासिका

देणगीदाखल आलेले जुने संगणक अनेक अभ्यासिकांत कापडाखाली झाकून पडलेले असतात. हार्डडिस्क गेलेली, दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी मुले मात्र बाहेर पैसे मोजतात. आमच्या अभ्यासिकेतही हेच चित्र होते. असे दहा संगणक आम्ही एका चांगल्या संगणकाच्या आधाराने चालू केले. इतर कार्यकर्त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून ती पद्धत येथे मांडत आहोत.

एक संगणक सर्व्हर करावयाचा व बाकीच्यांनी आपली कार्यप्रणाली केबलमधून त्याच्याकडून घ्यावयाची, ही यातील मूळ कल्पना होय. यासाठी एलटीएसपी ही लिनक्सवरील मोफत प्रणाली आहे. जिम मॅकक्विलन यांनी ती १९९९ साली सुरू केली. पूर्वी सर्व कामे सर्व्हरच करीत असे. २०१९ मध्ये ती नव्याने लिहिली गेली. आता कार्यक्रम समोरच्या संगणकाच्याच प्रोसेसरवर व मेमरीवर चालतात; म्हणून त्यात निदान २ जीबी रॅम असावी.

संगणक चालू होताच काय घडते, हे समजून घेणे आवश्यक आहे. बायोसमध्ये 'नेटवर्क बूट' निवडले की नेटवर्क कार्डातील पीएक्सई ही सोय केबलवर हाक देते. डीएचसीपी तिला पत्ता देते व पुढील फाइल कोठे मिळेल ते सांगते. टीएफटीपीद्वारे ती छोटी फाइल येते, तिच्यामागून लिनक्सचा गाभा येतो, आणि शेवटी एनएफएसमार्फत सर्व्हरवरील संपूर्ण प्रतिमा जोडली जाते. हार्डडिस्कची गरजच उरत नाही.

सर्व्हरवर उबंटू किंवा डेबियन बसवून लागणारे सर्व कार्यक्रम व मुलांची खाती आधी तयार करावीत. नंतर एलटीएसपीच्या 'इमेज', 'आयपीएक्सई', 'एनएफएस' व 'इनिटआरडी' या आज्ञा द्याव्यात. नवा कार्यक्रम घातल्यास 'इमेज' आणि नवे खाते उघडल्यास 'इनिटआरडी' पुन्हा द्यावी लागते. हे विसरल्यामुळे एका मुलीला दोन दिवस प्रवेशच मिळाला नाही. चूक आमची होती.

दुसरी चूक डीएचसीपीची. इंटरनेटचा राउटर आधीच पत्ते वाटत होता. आम्ही सर्व्हरलाही तेच काम दिले. दोघेही उत्तर देऊ लागले व संगणक कधी चालू होत, कधी अडकत. उपाय सोपा निघाला. पत्ते राउटरनेच द्यावेत, सर्व्हरने फक्त बूटची माहिती पुरवावी. एलटीएसपीची 'डीएनएसमास्क' आज्ञा नेमकी हीच व्यवस्था करते.

खर्च करावयाचा तर स्विचवर करावा. समजा, चालू होताना प्रत्येक संगणक ३०० एमबी माहिती ओढतो. दहांचे ३,००० एमबी झाले. सर्व्हरची जोडणी १०० मेगाबिटची असेल तर सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी जातात, म्हणजे चार मिनिटे. गिगाबिट जोडणीत हेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत व्हावे. प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो, पण फरक एवढाच मोठा राहतो.

या पद्धतीत एक लाभ व एक धोका आहे. मुलांनी मांडणी बिघडवली तरी संगणक पुन्हा चालू केला की सर्व पूर्ववत होते; फक्त त्यांच्या स्वतःच्या फाइली सर्व्हरवर राहतात. परंतु सर्व्हर बंद पडला तर दहाही संगणक बंद! म्हणून त्याला यूपीएस हवाच, आणि मुलांच्या फाइलींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

हे काम एका जाणकारावर सोडू नये. आज्ञा वहीत लिहून ठेवाव्यात व निदान दोन विद्यार्थ्यांना शिकवाव्यात. जाणकार उद्या नोकरीनिमित्त परगावी गेला, तरी अभ्यासिका चालू राहिली पाहिजे.