आयनांभोवतीचे पाणी : अवरक्त वर्णपटविज्ञानातून

पालघर-बोईसर परिसरात तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याची चर्चा बहुधा विरघळलेल्या क्षारांच्या आकड्यांपाशी थांबते. हे आयन सभोवतालच्या पाण्यावर कोणता परिणाम करतात, हा प्रश्न मागे राहतो. अवरक्त वर्णपटविज्ञान त्याचे उत्तर देते, मात्र वळसा घेऊन.

सल्फेटचा स्वतःचा शोषणपट्टा ११०० प्रति सेंटिमीटरच्या आसपास मिळतो. क्लोराइड व सोडियम हे एकाच अणूचे आयन. त्यांच्यात कंप पावणारा बंधच नाही, म्हणून पट्टाही नाही. त्यांची खूण पाण्याच्या ओ-एच बंधात शोधावी लागते. परंतु ३४०० जवळचा तो पट्टा अतिशय रुंद असून त्यात अनेक कंपने मिसळलेली असतात. येथे जड पाणी उपयोगी पडते; तारापूरच्या २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांत मंदक म्हणून वापरतात तेच. साध्या पाण्यात ते काही टक्के मिसळले की एचडीओ रेणू बनतात आणि त्यांतील ओ-डी बंधाचे कंपन २५०० जवळ सुटे दिसते. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड या क्रमाने त्याची तरंगसंख्या वाढते, कारण आयनाशी जडलेला हायड्रोजन बंध दुबळा होत जातो. फ्लोराइडचा परिणाम नेमका उलट.

मात्र या पद्धतीस बऱ्यापैकी संहत द्रावण लागते. लिटरमागे १००० मिलिग्रॅम क्लोराइड असलेल्या सांडपाण्यात एका आयनामागे पाण्याचे सुमारे दोन हजार रेणू असतात. त्याच्या निकट प्रभावाखाली मोजकेच येतात. तेथे क्लोराइड मोजण्यास सिल्व्हर नायट्रेटचे जुने अनुमापनच बरे.