आपलाच माणूस आहे, लिहायचे कशाला?

आम्ही दोघेही शिक्षक. एकाकडे उर्दू आणि मराठी, दुसऱ्याकडे गणित. उत्तरपत्रिकेत मुलाने नुसते उत्तर लिहिले आणि पायऱ्या दाखवल्या नाहीत, तर आमच्या घरात गुण कापले जातात. "उत्तर बरोबर असेल बाळा, पण ते आले कुठून ते दिसले पाहिजे," हे वाक्य वर्षातून कितीदा तोंडातून जाते, त्याची मोजदाद नाही.

आणि स्वतःचे घर बांधायला काढले, तेव्हा आम्ही एकही पायरी लिहिली नाही.

गुत्तेदार आमच्याच मोहल्ल्यातले. मशिदीत अब्बांच्या सफमध्येच उभे राहणारे, आमच्या लग्नात पंगतीत वाढणारे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. एका संध्याकाळी चहावर सगळे ठरले. माल आमचा, मजुरी त्यांची, दर चौरस फुटाप्रमाणे. आम्ही हळूच म्हणालो, "एक कागद करून ठेवायचा का?" अब्बांनी डोळे वटारले. "अपना आदमी है. कागद पुढे केला तर त्यांना काय वाटेल?" चाचाही हसून म्हणाले, "जबान दिली ना, बस झाले." दुआ झाली, मिठाई वाटली गेली आणि दुसऱ्या आठवड्यात खड्डे खणायला सुरुवात झाली.

चोवीस पोत्यांचा हिशेब

आमचा भाग लातूरकडचा. जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इंजिनिअरने नकाशात कॉलमचे खड्डे पाच फूट खोल दाखवले होते. आम्ही शाळेत असताना अब्बा साईटवर बसायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप अब्बांनी पाहिलेला आहे. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे कशी गाडली गेली, ते त्यांनी मदतीला जाऊन डोळ्यांनी पाहिले. त्या पहाटे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. तेव्हापासून भक्कम पाया हा अब्बांचा ध्यास आहे. पाच फुटांवरही काळी मातीच दिसली, तेव्हा त्यांनी चाचांना सांगितले, "मुरूम लागेपर्यंत खाली जा. आणि खालचा काँक्रीटचा बेड अर्धा फूट जाड करा." चाचांनी तसे केले. खड्डे साडेसहा फुटांवर गेले. आम्हाला कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. कुठे लिहिलेही गेले नाही.

पुढे पहिला स्लॅब पडला. आम्ही सिमेंटच्या दुकानाची बिले जुळवायला बसलो. अंदाजपत्रकाप्रमाणे स्लॅबपर्यंत २४० पोती लागायची होती. बिले २६४ पोत्यांची निघाली. चोवीस पोती गेली कुठे?

त्याच दोन दिवसांत एका शेजाऱ्यांनी सांगितले, "परवा मगरिबनंतर तुमच्या साईटवरून गाडीवर पोती जाताना पाहिली." मग आणखी काय हवे होते? आम्ही चाचांना बोलावले नाही, विचारले नाही. स्लॅबचा हप्ता थांबवला. फोनवर एवढेच सांगितले, "आधी सिमेंटचा हिशेब, मग पैसे." चाचांना तो आवाज कळला. तेही एका वाक्यात बोलले, "मग माणसे कशाच्या जोरावर आणू?" काम बंद पडले. दुसऱ्या दिवशी रमजानचा चाँद दिसला.

मशिदीत चाचा आता दुसऱ्या सफमध्ये उभे राहू लागले. अब्बा घरात कमी बोलू लागले. आम्ही मात्र तरावीहनंतर ओळखीच्या चार लोकांना सांगत होतो, की आजकाल कोणाचा भरोसा राहिला नाही.

ईदच्या आठ दिवस आधी सेंट्रिंगवाल्यांपैकी एक पोरगा दारात आला. बीदरकडचा, विशीतला. म्हणाला, "सर, चाचाकडे पैसे नाहीत. गावी जायचे आहे." आम्ही त्याला सांगितले, "तुमचा हिशेब त्यांच्याशी, आमच्याशी नाही." नियमाने बोलायचे तर ते खरे होते. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. इफ्तारची वेळ जवळ आली होती. त्याला पाणीही विचारले नाही, हे आम्हाला रात्री आठवले.

मोजमाप

ईदनंतर अब्बांच्याच आग्रहाने इंजिनिअरला साईटवर आणले. त्यांनी एका कॉलमशेजारची माती उकरून खोली मोजली आणि पाटीवर शिकवावे तसे गणित मांडले. खड्डा पाच बाय पाच फुटांचा, बेड अर्धा फूट जास्त जाड. म्हणजे एका खड्ड्यात साडेबारा घनफूट काँक्रीट जास्त. खड्डे चौदा. एकूण १७५ घनफूट, पावणेदोन ब्रास. त्याला सतरा पोती. कॉलम दीड फूट जास्त खोल गेले, त्याची चार पोती. सतरा आणि चार एकवीस. "तुमच्या वडिलांचा निर्णय बरोबर होता," ते म्हणाले. "पाच फुटांवर थांबला असता, तर पुढे भिंतींना तडे गेले असते. फक्त मला कळवायला हवे होते आणि लिहून ठेवायला हवे होते."

एकवीस पोती आमच्याच घराखाली होती. उरली तीन. चाचांनी मान खाली घालून सांगितले, की ती त्यांनी दुसऱ्या साईटवर नेली होती. तिथे स्लॅब अर्ध्यावर होता, सिमेंट संपले होते, दुकान बंद झाले होते. परत आणून ठेवणार होते, पण मध्येच आमचे बोलणे बिनसले. "न विचारता नेली, ती चूक माझी," ते म्हणाले.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. नव्या स्लॅबवर पाण्याचे वाफे करून ते भरलेले ठेवावे लागतात. पाणी तुटले तर काँक्रीट कच्चे राहते. काम बंद असतानाही वाफे रोज सकाळी भरलेले दिसायचे. आम्हाला वाटायचे अब्बा भरतात, अब्बांना वाटायचे आम्ही. पाणी चाचा घालत होते, फजरच्या नमाजनंतर, रोजा ठेवून. तीन पोती न विचारता नेणारा आणि पैसे थांबलेले असताना आमचा स्लॅब जगवणारा माणूस एकच होता. आम्ही मात्र त्याचा निकाल बिलांच्या एका गठ्ठ्यावर आणि शेजाऱ्याच्या एका वाक्यावर लावून मोकळे झालो होतो. सूरह अल-हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती आम्ही मुलांना शिकवलेली आहे.

लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे

"आपलाच माणूस आहे" हे वाक्य आपल्या समाजात फार प्रेमाने बोलले जाते. पण त्याचा अर्थ काय होतो? परका असेल तर लिहू, आपला असेल तर स्मरणशक्तीवर सोडू. म्हणजे ज्याच्याशी नाते तुटले तर सर्वांत जास्त दुखेल, त्याच्याच बाबतीत आपण सर्वांत निष्काळजी राहतो.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत सूरह अल-बकराची २८२ वी आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवा, असे तीत सांगितले आहे. ही आयत आपसात भरोसा नसलेल्या लोकांसाठी आलेली नाही, ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. पुढच्याच आयतीत अमानत परत करण्याची ताकीद आहे. लिखाण आणि अमानत शेजारी शेजारी आहेत. आपण मात्र एक उचलतो आणि दुसरे सोडतो.

चोवीस पोत्यांनी आम्हाला जे शिकवले, ते घर काढणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी थोडक्यात देतो.

दर चौरस फुटाचा, पण कोणत्या चौरस फुटाचा? जिना, गॅलरी, पोर्च, पाण्याची टाकी, कंपाउंड यांचे माप धरायचे की नाही, हे आधीच लिहा. निम्मी भांडणे शेवटच्या मोजणीत, इथेच होतात.

सेंट्रिंगचे साहित्य, मिक्सर, पाणी, वीज, वाळू चाळण्याची मजुरी कोणाकडे, तेही लिहा. मजुरी म्हणजे नेमके काय काय, हे दोघांच्या डोक्यात वेगवेगळे असते.

पैसे कामाच्या टप्प्यांवर द्या. जोते झाले, कॉलम उभे राहिले, स्लॅब पडला, वीटकाम, प्लास्टर, फरशी. टप्प्याच्या पुढे पैसे देऊ नका. टप्पा झाला की एक दिवसही अडवू नका. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे असतील, तर तेही आधीच सांगा, शेवटी नव्हे.

नकाशाबाहेरचे प्रत्येक काम, मग ते अब्बांनी सांगितलेले असो वा सुनेने, साईटच्या वहीत तारखेसह लिहा. दोघांनी सही करावी आणि जमले तर त्याच दिवशी भाव ठरवावा. स्वयंपाकघराची खिडकी तीनदा हलवायची आणि खर्च वाढला की गुत्तेदाराला दोष द्यायचा, हा इन्साफ नाही.

माल आला की मोजा. वाळू-खडीच्या गाडीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत घेऊन गुणाकार करा आणि शंभराने भागा. तेवढे ब्रास. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत निघते. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई सुमारे साडेदहा किलोंची भरली पाहिजे. हे मोजताना गुत्तेदाराला शेजारी उभे करा, त्याच्या पाठीमागे मोजू नका.

स्लॅबला किमान दहा दिवस पाणी तुटू देऊ नका. टेकू किती दिवसांनी काढायचे, ते इंजिनिअरकडून लेखी घ्या. सेंट्रिंग दुसरीकडे हवे म्हणून ते लवकर काढण्याची घाई होते. पुढे घरात राहायचे मात्र आपल्याला असते.

वाद झालाच तर निवाडा कोण करील, तेही पहिल्या दिवशी ठरवा. बांधकाम समजणारा आणि दोघांना मान्य असा एक माणूस पुरे. त्याउपर काही सुटले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. सदोष कामाबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. महारेरा मुख्यतः विक्रीसाठीच्या फ्लॅट आणि प्लॉटच्या प्रकल्पांसाठी आहे. आपल्या जागेवर आपण बांधून घेतलेल्या घराला त्याचा उपयोग होत नाही. आयोगापुढे तरी काय दाखवणार? करार, पावत्या, वही. जबान तिथे दिसत नाही.

आणि आमच्यासारख्या मालकांसाठी एक. हप्ता अडवला की गुत्तेदार अडतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सर्वांत आधी अडतो तो बिगारी. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. वाद गुत्तेदाराशी असेल, तर वादाची रक्कम बाजूला ठेवा. मजुरांच्या हप्त्याचे पैसे दोघांसमोर वाटून टाका. आमच्या चोवीस पोत्यांची किंमत हप्त्याच्या मानाने किती लहान होती! त्यासाठी आम्ही सगळा हप्ता अडवला.

वही

आम्ही चाचांची माफी मागितली. त्यांनीही मागितली. तीन पोत्यांचे पैसे त्यांनी हिशेबात वळते केले. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाले, "नाही, आता लिहाच." यंदा वरचा मजला काढला आहे, गुत्ता त्यांनाच दिला आहे. या वेळी चार पानी करार झाला. साक्षीदार म्हणून अब्बांनी सही केली. वही साईटवर खुंटीला टांगलेली असते. तिच्यात चाचांचे मोडके मराठी आहे, आमचे लाल पेन आहे आणि एका पानावर अब्बांचे उर्दूत लिहिलेले वाक्यही आहे, की जिन्याची एक पायरी त्यांनी वाढवायला सांगितली.

चाचा परवा वही चाळत म्हणाले, "हे मागच्या वेळी केले असते, तर सगळ्यांची ईद बरी गेली असती."

चाचांनी कुठून तरी उसने करून त्या पोरांना निम्मे पैसे दिले होते, हे आम्हाला उशिरा कळले. बाकीचे आम्ही ईदनंतर पोहोचवले. बीदरकडची टोळी यंदाही कामाला आली आहे. त्या दिवशी दारात उभा राहिलेला पोरगा मात्र तिच्यात नाही. तो कुठे असतो, असे चाचांना विचारले, तर म्हणाले, "तुमच्या साईटचे नाव काढले की येत नाही." त्याच्या नावाचे पान आमच्या वहीत कोरेच आहे.